पाटाच्या बांधावरची सायकल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पंधरा-वीस वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलीची एक नवी जात निघाली आहे. ‘ग्रॅव्हल बाइक’ असे तिचे नाव. ग्रॅव्हल म्हणजे खडी, बारीक गोटे, मुरूम. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर जरा रुंद आणि हवा थोडी कमी. डांबरी रस्त्यावरच्या मोटारींना कंटाळलेले लोक ही सायकल घेऊन नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठाने दिवसेंदिवस फिरतात. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावी २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत भरते, आणि २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक विजेतेपद स्पर्धाही झाली.

हे वाचून आमच्या नायगाव-नरसीकडच्या जुन्या माणसाला हसू येईल. खडी, मुरूम, कालव्याचा काठ आणि सायकल या चारही गोष्टी त्याने आयुष्यभर एकत्रच पाहिल्या आहेत. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंची. दीड इंच म्हणजे जवळजवळ अडतीस मिलिमीटर. आज परदेशात खडीवरच्या सायकलीला साधारण याच रुंदीचे टायर घालतात आणि त्याचे भरपूर पैसे मोजतात! आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या आणि पाटकऱ्याच्या सायकलीला ते पहिल्यापासून होते, कारण ही सायकल मुळात ज्या काळात घडली त्या काळात इंग्लंडातले रस्तेही असेच होते. स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल १८८५ ची आणि डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. त्याच १८८८ च्या सुमारास बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान थाटले. पुढे ज्या घराण्याने लोखंडी नांगर केले आणि पाण्याचे पंप केले, त्याची सुरुवात सायकल विकण्यापासून व्हावी हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाणी आणि सायकल यांचे आपल्याकडे जुने नाते आहे. आज त्या नात्यातल्या एकाच धाग्याविषयी बोलायचे आहे. तो धागा म्हणजे कालव्याच्या बांधावरची वाट.

ही वाट आली कुठून? विलायतेत तिचा जन्म घोड्यांमुळे झाला. तिथले कालवे मुळात पाण्यासाठी नव्हतेच, मालवाहतुकीसाठी होते. १७६१ साली मँचेस्टरकडे दगडी कोळसा नेणारा ब्रिजवॉटरचा कालवा सुरू झाला. नावेला दोर बांधायचा, दोराचे दुसरे टोक घोड्याला, आणि घोडा काठाने चालणार. त्या घोड्यासाठी काठाला एक सपाट पट्टी राखून ठेवलेली असे. फ्रान्समधल्या, हॉलंडमधल्या कालव्यांची हीच गोष्ट. पुढे रेल्वे आली, नावा थांबल्या, घोडे गेले. पट्टी मात्र उरली. तीच पट्टी शंभर वर्षांनी फिरायला जाणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सापडली. तिथेही हे सहज घडलेले नाही. इंग्लंडात काठावरून सायकल चालवायला कालवे खात्याचा परवाना घ्यावा लागे, आणि ती पद्धत अगदी या शतकापर्यंत चालू होती.

आपल्या गोदावरीवरही असा एक प्रयत्न झाला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. सर आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८५२ साली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला आणि खालच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांचे जाळे विणले. त्या कालव्यांतून पाणीही जाई आणि होड्याही. कॉटनला वाटे, हिंदुस्थानाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. १८६० च्या दशकात अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडचा आणि वर्धेच्या खोऱ्यातला कापूस गोदावरीतून थेट समुद्रापर्यंत न्यायची योजना जोरात आली. नदीतल्या खडकाळ टप्प्यांना वळसा घालणारे कालवे आणि पाणी चढउतार करणारी दारे बांधायला घेतली. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा हे त्या कामाचे एक ठाणे. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, नदी उन्हाळ्यात आटायची ती आटतच राहिली, आणि १८७१ साली हे काम गुंडाळले गेले. योजना पुरी झाली असती तर वरच्या गोदावरीच्या काठानेही नाव ओढण्याच्या वाटा निघाल्या असत्या. तसे झाले नाही. दख्खनच्या पठारावर कालवा म्हणजे फक्त पाणी, आणि पाणी म्हणजे दुष्काळाला उतारा, हेच समीकरण राहिले.

म्हणून आपल्याकडच्या बांधावरच्या वाटेचा जन्म वेगळा. ती घोड्यासाठीच होती, पण नाव ओढणाऱ्या नव्हे, साहेबाच्या घोड्यासाठी. खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवा १८७९ च्या सुमारास पुरा झाला, नीरेचा डावा कालवा १८८५ ला. कालवा हा मातीचा जिवंत प्राणी आहे. उंदीर-खेकडे बिळे करतात, काठ पाझरतो, कुणी रात्री बांध फोडून पाणी वळवतो. त्यावर रोज नजर हवी. त्यासाठी खोदाईतून निघालेली माती दोन्ही काठांना टाकून एका काठाचा माथा रुंद ठेवायचा, त्यावर मुरूम दाबायचा, कडेला मैलाचे दगड लावायचे आणि ठराविक अंतरावर तपासणीचा बंगला बांधायचा, ही रीत पडली. सरकारी भाषेत याला निरीक्षण पथ किंवा सेवापथ म्हणतात. लोकांनी त्याला पाटाचा बांध म्हटले, आणि आमच्याकडे ‘क्यानॉलची सडक’. सडक हा शब्द निजामी मुलखातला, त्यामुळे जिभेवर चटकन बसला.

या सडकेचा एक गुण तिच्यावर सायकल घातल्याशिवाय समजत नाही. ती चढत नाही. पाणी फक्त उताराकडे जाते, म्हणून इंजिनिअर कालव्याची आखणी जमिनीच्या सम उंचीच्या रेषेने करतो आणि उतार अगदी नावापुरता ठेवतो. पाच हजारात एक असा उतार धरला तर एका किलोमीटरला फक्त वीस सेंटिमीटर, म्हणजे टीचभर. डोंगर आला की कालवा वळसा घालतो, ओढा आला की जलसेतूवरून पलीकडे जातो. त्यामुळे साध्या रस्त्याने आठ किलोमीटर असलेले गाव कालव्याने बारा-तेरा होते, पण त्या बारा-तेरामध्ये एकदाही उतरून सायकल ढकलावी लागत नाही. धान्याचे पोते किंवा दुधाचे दोन कॅन लादलेल्या माणसाला हा हिशेब बरोबर कळतो. नकाशावर हा रस्ता लांबचा, पण पायांना जवळचा.

आता खडीकडे येतो. मराठवाड्यात ‘खडी’ हा शब्द उच्चारला की एका विशिष्ट वयाच्या माणसाला सायकल आठवत नाही, १९७२ आठवते. पण त्याच्याही आधी शंभर वर्षे मागे जायला हवे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो लोक सरकारी कामांवर गेले. नीरा कालव्याचे कामही १८७६ मध्ये दुष्काळी काम म्हणूनच सुरू झाले. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी केली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर पुरुषाने खोदकाम करावे, असा हिशेब. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. नीरेच्या कालव्याचा बांध आजही हिरव्या उसातून जातो. त्याच्या पायात त्या एका पौंडाचा हिशेब आहे.

१९७२ चा दुष्काळ आपल्या घरातलाच. ओळीने वाईट गेलेल्या वर्षांनंतर विहिरी तळाला गेल्या, ज्वारी पिकली नाही, परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी रेशनवर मिळू लागली. सरकारने कामे काढली. पाझर तलाव, नाला बांध, कालव्याची खोदाई, रस्ते आणि खडी फोडणे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. यात निम्म्याच्या आसपास बायका. डोक्याला पदर, हातात हातोडी, पुढ्यात काळ्या दगडाचा ढीग आणि शेजारी चिंध्यांच्या झोळीत तान्हे पोर. खडीचा ढीग चौकटीने मोजायचा आणि त्यावर हप्ता ठरायचा. खाण्यासाठी सुकडी मिळे. त्या सुकडीची चव अजून सांगणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या भागात आहेत, आणि त्या ती चांगली होती असे सांगत नाहीत.

त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना आकाराला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व पुढे दिल्लीने उचलले. या योजनेवर टीका पुष्कळ झाली. रस्ते नुसते कागदावर राहिले, खडी टाकली पण दाबली नाही, पहिल्या पावसात वाहून गेली, अशा तक्रारी खऱ्या आहेत. पण माझे मत असे की मराठवाड्याच्या गावांना जोडणारा पहिला बारमाही म्हणता येईल असा रस्ता डांबरवाल्याने केला नाही, तो या बायकांच्या हातोडीने झाला. खडी परदेशात छंद झाली याचे मला वाईट वाटत नाही. फक्त आपल्याकडे ती कशी तयार झाली, हे ठाऊक असावे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. नायगाव तालुका तसा नवा, १९९९ चा. त्याआधी हा भाग बिलोलीत. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मन्याड, पूर्वेला पुढे मांजरा. तीन नद्यांच्या बेचक्यातला हा काळ्या मातीचा पट्टा. पाण्याची परंपरा या बाजूला जुनी आहे. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर हा तलाव आहे, म्हणजे हजार वर्षांपूर्वीही इथे पाणी अडवायची अक्कल होती. पण आधुनिक काळात निजामाच्या राज्यात कालव्यांचे भाग्य उजळले ते तेलंगणाचे. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगवणारी, लातूरमधून वाहणारी मांजरा नदी खाली अडवून १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला गेला. नवाब अली नवाज जंग हे त्याचे इंजिनिअर. अतिशय कर्तबगार माणूस, तेलंगणात त्यांची जयंती अभियंता दिन म्हणून साजरी होते. त्या कालव्यांनी सुमारे पावणेतीन लाख एकरांना पाणी देण्याची योजना होती, बोधनला साखर कारखाना उभा राहिला. मांजरेच्या येसगी पुलावर उभे राहून अलीकडे कोरडवाहू कापूस-ज्वारी आणि पलीकडे थोड्या अंतरावर भात आणि ऊस, हे चित्र बिलोलीच्या दोन पिढ्यांनी पाहिले.

रस्त्यांचीही तीच गत. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला तो गोदावरीच्या उत्तरेने, नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद असा. नदीच्या अलीकडचा नायगाव-नरसी-देगलूर हा मुलूख लोहमार्गाला पारखा राहिला. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने सत्तावीस मोटारगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली, पण ती मोठ्या सडकांवर. खेड्यातून सडकेपर्यंत यायचे कसे? बैलगाडीची पाणंद, नाहीतर पायवाट. आणि काळ्या मातीतली पाणंद पावसाळ्यात काय असते हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटणार नाही. चार महिने गाव बेट होते.

सायकल अशा मुलखात आधी मास्तरांकडे, पोस्टाकडे आणि एखाद्या मोठ्या शेतकऱ्याकडे आली. विलायती रॅले किंवा हर्क्युलस. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने निघाले, मद्रासकडचा टीआय सायकल्स १९४९ चा, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. मग सायकल हळूहळू लग्नात जावयाला द्यायची वस्तू झाली आणि त्यावरून रुसवेफुगवेही झाले. बाजारपेठेच्या गावात तासावर भाड्याने सायकल मिळे. दुकानदार वहीत वेळ लिहून घेई आणि पाच मिनिटे जास्त झाली तरी पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे मागे.

काळ्या मातीशी मात्र सायकलीचे जमत नसे. चिखल टायरला चिकटतो, मडगार्डात दाटतो, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. मग काडीने चिखल उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायचा. काही लोक पावसाळा लागला की मडगार्डच काढून ठेवत. आणि शेवटचा उपाय म्हणजे सायकल खांद्यावर. माणसाने सायकलवर बसायचे की सायकलीने माणसावर, असा तो प्रश्न! ज्या गावाजवळून मुरूम दाबलेला कालव्याचा बांध गेला त्या गावाचा हा प्रश्न निम्मा सुटला.

तो बांध या भागात आला १९६० च्या दशकात. कंधार तालुक्यात बारूळ येथे मन्याडवर धरण झाले. निम्न मानार प्रकल्प हे त्याचे कागदावरचे नाव. नदीला कागदावर मानार आणि बोलण्यात मन्याड म्हणतात. त्याचा डावा कालवा कंधारकडून नायगाव-बिलोलीच्या बाजूला पाणी घेऊन आला. त्या काळात राज्याच्या पाटबंधारे खात्याची सूत्रे शंकरराव चव्हाण यांच्याकडे होती. पैठणचे, नांदेडमध्ये कार्य केलेले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उमरखेडच्या छावणीत राहिलेले. मराठवाड्याला तेलंगणासारखे कालवे हवेत, ही त्यांची धडपड होती. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जायकवाडीचा एकटा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पुढे नांदेडजवळ असर्जनला गोदावरी अडवून पाणी उपसून कालव्यात टाकणारा विष्णुपुरी प्रकल्प झाला, इसापूरच्या धरणाचे कालवे हिंगोली-नांदेडकडे आले, येलदरी-सिद्धेश्वरचे कालवे वसमत-परभणीकडून फिरले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत मराठवाड्यात शेकडो किलोमीटरची अशी सडक तयार झाली, जिच्यावर ना एसटी होती ना ट्रक. या सडकेची मात्र कुणी कुठे गणती ठेवली नाही. गणती झाली ती एकरांची आणि घनफुटांची.

या सडकेचा धनी म्हणजे पाटकरी. सकाळी सायकलवर निघायचे, हँडलला डबा आणि दाराच्या चक्राची किल्ली, कॅरिअरला फावडे, खिशात पाण्याच्या अर्जांच्या चिठ्ठ्या. साहेब जीपने महिन्यातून एकदा येत. पाटकऱ्याची रोजची फेरी सायकलवरच. सरकारी नियमांत सायकल भत्ता नावाचे एक सदर असे, त्याची रक्कम सांगितली तर आजची मुले हसतील. पाळी सुटली की पाटकऱ्याचा दिवस संपत नसे. वरच्या गावाने दार जास्त उघडले की शेवटच्या गावाला पाणी पोचत नाही. या शेवटाला आमच्याकडे सगळे ‘टेल’ म्हणतात. टेलच्या शेतकऱ्याची सायकल या काळात बांधावर सर्वांत जास्त फिरते. तो रात्री-अपरात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन वरपर्यंत जातो, कुणी दार फिरवले का बघतो. बांधावरची वाट त्याच्या दृष्टीने पाण्याच्या हक्काची वाट होती. कालव्यावरून झालेल्या कितीतरी भांडणांचा पहिला साक्षीदार सायकलच्या टायरची खूण असे.

बाकीच्यांनी ती वाट आपल्या कामाला लावली. पहाटे दूधवाले. मग शाळेची मुले. आम्हीही याच बांधावर सायकल शिकलो. पाय पुरत नसत म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारायची. एका बाजूला पाटाचे पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उसाचे नाहीतर भुईमुगाचे शेत. पडायचे तर शेताच्या बाजूला, एवढे एकच शिक्षण घरचे देत. ते शिक्षण क्षुल्लक नव्हते. कालव्याचे काठ तिरके आणि शेवाळाने निसरडे असतात, पोहता येणाराही वर येऊ शकत नाही, आणि बांधाला कठडा नसतो. दर हंगामात कुठे ना कुठे कालव्यात कुणी बुडाल्याची बातमी येते. परदेशी मासिकांत कालव्याकाठच्या सायकलिंगची जी शांत छायाचित्रे असतात, त्यांत ही बाब दिसत नाही.

कायद्याने ही वाट कुणाची? इथे मोठी मौज आहे. मुंबई इलाख्यात १८७९ चा पाटबंधारे कायदा होता, आपल्याकडे निजामाचा १३५७ फसलीचा. १९७६ साली महाराष्ट्र पाटबंधारे कायद्याने हे सगळे एक केले. या कायद्यांचा रोख एकच: कालव्याच्या बांधावरून खात्याने मनाई केल्यावरही जनावरे किंवा वाहने नेली तर तो गुन्हा. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही सडक लोकांची नव्हती. जमीन संपादित, मालकी खात्याची, वापर खात्याचा. पाणंद रस्त्याला मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याचे पाठबळ आहे. कुणी अडवली तर तहसीलदाराकडे जाता येते. बांधाला गावच्या नकाशात पाणंदीसारखी रेघ नाही. लोकांनी पन्नास वर्षे तिचा वापर केला तो पाटकऱ्याच्या डोळेझाकीवर. पाटकरीही त्याच गावचा, त्याची मुलेही त्याच बांधाने शाळेत जाणार. तो कुणाला अडवणार?

ही डोळेझाक जोवर चालली तोवर चालली. आता परिस्थिती बदलली आहे. पाटकऱ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या की भरल्या जात नाहीत, आणि बांधावर रोज फिरणारी सायकल थांबली की वेडी बाभूळ वाढायला दोन पावसाळे पुरतात. तिचा काटा ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाही, मग सायकलच्या ट्यूबची काय कथा! काही ठिकाणी शेजारच्या शेतकऱ्याने बांध नांगरून पट्टी आत घेतली आहे. काही ठिकाणी उलट झाले, बांध इतका चांगला राहिला की ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी तो धरला आणि दोन खोल चाकोऱ्या पडल्या. नदीकाठची स्थिती आणखी वाईट. मांजरेची लाल वाळू प्रसिद्ध आहे, आणि जिथे वाळू तिथे हायवा. बिलोलीच्या बाजूला नदीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री सायकल घालणे म्हणजे जिवावर उदार होणे. त्या मानाने गोदावरीकाठ शांत आहे. राहेरच्या नृसिंह मंदिराकडे, कुंटूरकडे नदीच्या बाजूने फिरताना गाळपेऱ्याच्या शेतांमधून जुन्या पायवाटा अजून सापडतात, पण त्या सलग नाहीत.

आणि दुसरीकडे मोठा रस्ता. अकोला, हिंगोली, नांदेड, नायगाव, नरसी, देगलूर असा संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आता रुंद आणि गुळगुळीत झाला. हैदराबादला जाणाऱ्याची सोय झाली, हे मान्य. पण नायगावच्या शाळेत येणाऱ्या शेजारच्या खेड्यातल्या मुलीची? मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना आणून मुलींची शाळेतली संख्या वाढवली, त्याची जगभर चर्चा झाली. सायकल मिळाली, पण ती चालवायची कुठे हा प्रश्न योजनेत नव्हता. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या कडेने आठवीतल्या मुलीने सायकल चालवावी असे कोणता बाप म्हणेल? मग सायकल ओसरीत उभी राहते आणि मुलगी रिक्षाची वाट बघते. रिक्षाचे पैसे परवडेनासे झाले की शाळा सुटते. जिथे कालव्याचा बांध साफ आहे त्या गावातल्या मुली अजून बांधाने येताना दिसतात, चार-पाच जणींचा घोळका करून. बांधावर एकटीने जाणेही सुरक्षित नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

पुण्यात या गोष्टीची एक वेगळी तऱ्हा पाहायला मिळते. मुठा कालवा शहराच्या मधून जातो, आणि त्याच्या काठाच्या काही टप्प्यांवर सकाळी चालणारे, पळणारे आणि सायकलवाले असतात. एके काळच्या घोडेस्वार साहेबाची वाट शहरवासीयांची झाली. पण २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच कालव्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि वस्तीतली शेकडो घरे पाण्यात गेली. बांधाची रोजची पाहणी कशासाठी असते, याचे उत्तर त्या दिवशी मिळाले. चौकशीत उंदरा-घुशींच्या बिळांचाही विषय निघाला आणि लोकांनी त्याची चेष्टा केली. चेष्टेचे कारण मला कळते, पण बीळ हा कालव्याचा जुना शत्रू आहे, आणि सायकलवरून हळू जाणाऱ्या माणसाला ते जेवढे दिसते तेवढे जीपमधून दिसत नाही.

आता आणखी एक बदल येऊ घातला आहे. उघड्या कालव्यातून पाणी पाझरते, वाफ होऊन जाते, चोरीला जाते, म्हणून नव्या कामांत वितरिकांऐवजी जमिनीखालून बंद नळ टाकण्याचे राज्याचे धोरण आहे. पाण्याच्या दृष्टीने हे योग्यच, टेलच्या शेतकऱ्याला त्यातून न्याय मिळाला तर त्याहून चांगले काय? जमीनही कमी संपादावी लागते. पण नळाला बांध नसतो. जिथे नळ जाईल तिथे वरून पुन्हा शेत होईल, आणि जुनी वितरिका बुजवली की तिच्यासोबतची वाटही बुजेल. पाणंद रस्त्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजना काढली, तीत गावोगावच्या पाणंदी मोकळ्या करून मजबूत करण्याची तरतूद आहे. कालव्याचे बांध त्या यादीत बसत नाहीत, कारण ते पाणंद नाहीत. महामार्गाच्या आराखड्यात ते नाहीत, कारण ते रस्ते नाहीत. आणि पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने ते कालव्याचा एक भाग आहेत. कालवा गेला की त्यांचे कामही संपले.

३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली, तेव्हा आमच्याकडच्या एका जुन्या पाटकऱ्याने मला विचारले होते, “आता छऱ्र्या-कटोऱ्या कुठल्या मिळणार?” त्याची अ‍ॅटलस अजून चालते. नोकरीतून मोकळा होऊन त्याला बरीच वर्षे झाली. रब्बीची पाळी सुटायची बातमी लागली की तो आजही सकाळी बांधाने चार किलोमीटर जाऊन दारापर्यंत पाणी आले का बघून येतो आणि गावात सांगतो. त्याने मला वाटेत बांधाला पडलेली बिळे दाखवली. एकूण सात. त्यांतली तीन मोठी होती, आणि त्यांचा अर्ज त्याने शाखा कार्यालयात दिला आहे.